वर-खाली होणारं टेबल: दिवाळीपासून वापरतेय, उंची कमी असेल तर घेण्याआधी हे वाचाच

दिवाळीच्या आधी मोटरवालं, बटण दाबून वर-खाली होणारं टेबल घेतलं, आता पाऊस तोंडावर आलाय, त्यामुळे नव्याची नवलाई संपलीये आणि खरं काय ते सांगता येईल. मी पुण्यात, घरूनच काम करते, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, टीम न्यूयॉर्कला. आणि माझी उंची 5 फूट 1 इंच आहे. हे आधीच सांगतेय कारण ह्या टेबलाचा मला झालेला सगळा फायदा त्या उंचीशी बांधलेला आहे.

सगळे रिव्ह्यू टेबल किती वर जातं तेच सांगतात. मला विचाराल तर ते किती खाली येतं हे आधी बघा.

आपल्याकडे मिळणारं साधं टेबल, डायनिंग असो नाहीतर ऑफिसचं, 75 सेंटीमीटरच्या आसपास उंच असतं. भारतातल्या बायकांची सरासरी उंची 152 सेंटीमीटरच्या जवळपास. खुर्चीवर बसून दंड सरळ खाली सोडायचे, कोपर काटकोनात वाकवायचं आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंत टेप लावायची, तेवढी टेबलाची उंची हवी. माझी आली 64. म्हणजे साध्या टेबलावर मी 11 सेंटीमीटर खांदे वर उचलून दिवसभर टाईप करत होते, आणि मान ते खांदा ह्या पट्ट्यात संध्याकाळपर्यंत नुसते दगड व्हायचे. मग खुर्ची वर घ्यायची तर पाय लोंबकळतात, मांडीच्या मागे खुर्चीची कड रुतते, मुंग्या येतात. दोन्हीकडून मरण.

टेबल घेताना फ्रेमच्या पायात किती टप्पे (एकात एक सरकणारे भाग) आहेत ते विचारा. दोन टप्प्यांचे पाय साधारण 70 सेंटीमीटरपर्यंतच खाली येतात, तीन टप्प्यांचे 60 च्या आसपास येतात, थोडे महाग पडतात पण आपल्यासारख्यांनी तेच घ्यायचे. अजून एक, वेबसाईटवर जी उंची लिहितात ती बऱ्याचदा नुसत्या फ्रेमची असते, वरची फळी त्यात धरलेली नसते. माझी फळी 25 एमएमची आहे म्हणजे अडीच सेंटीमीटर आपोआप वाढले. हे दुकानदार स्वतःहून सांगत नाही, विचारावं लागतं.

सगळं मिळून 30 हजारांच्या आसपास गेले. रक्कम मोठी आहे, मान्य. पण खांद्याचं दुखणं पहिल्या महिन्याभरात कमी झालं आणि परत आलेलं नाही, म्हणून मला ते पैसे वसूल वाटतात. नुसत्या टेबलाने झालं असं मात्र म्हणणार नाही, सोबत वेगळा कीबोर्ड-माऊस आणि लॅपटॉपखाली स्टँड आहे, कारण लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकाला एक चिकटलेले, त्यामुळे हात बरोबर ठेवले की मान वाकते आणि मान बरोबर ठेवली की हात वर जातात. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हातभर. बजेट कमी असेल तर आधी कीबोर्ड आणि स्टँड घ्या, टेबल नंतर. आणि पायाखाली मी घरातला पाट ठेवलाय, माझी खुर्ची सगळ्यात खाली केली तरी 43 च्या खाली येत नाही, तिथे तो पाट अगदी बरोबर बसतो, फूटरेस्ट विकत घ्यायची गरजच पडली नाही.

आता उभं राहण्याबद्दल. उभं राहून वजन उतरतं म्हणून घेणार असाल तर नका घेऊ. बसण्यापेक्षा उभं राहिल्यावर तासाला जेमतेम 9 कॅलरी जास्त जळतात. आणि दिवसभर उभं राहणंही चांगलं नाही, पायाच्या शिरा फुगतात, घोटे सुजतात, शाळेतल्या बाईंना किंवा दुकानात काउंटरवर उभं राहणाऱ्यांना विचारा. मला फायदा झाला तो बदलत राहण्याचा. कॉल आला की उभं, कोड वाचायचा, बग लिहायचा तर बसून. दुपारी जेवणानंतर जी गुंगी येते ना तेव्हा टेबल वर घेऊन दोन-तीन छोटी कामं उभ्याने उरकते, झोप बऱ्यापैकी उडते. पण टाईल्सवर अनवाणी उभं राहू नका, टाचा भयंकर दुखतात, मऊ चप्पल किंवा जाड मॅट हवीच, मी योगा मॅटची दुहेरी घडी करून टाकते.

लॉकडाऊनमध्ये बऱ्याच जणींनी ओट्यावर लॅपटॉप ठेवून काम केलं, मीही केलं. पोळ्या लाटताना वरून जोर द्यायचा असतो म्हणून ओटा कोपराच्या खालीच असतो आणि ते बरोबरच आहे. पण टायपिंगला माझं उभ्याचं माप 97 येतं, ओटा 85 चा, त्यामुळे तासाभरात कंबर बोलायला लागायची.

त्रास काय आहेत तेही सांगते. पूर्ण वर घेतलं की थोडं हलतं, जोरात टाईप केलं तर मॉनिटर थरथरतो, मला चालतं, काहींना नाही चालणार. वायरींना भरपूर ढील ठेवा नाहीतर टेबल वर जाताना चार्जर ओढला जातो. एक्स्टेंशन बोर्ड सरळ फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवून टाका, मग भिंतीकडे एकच वायर जाते. पार्टिकल बोर्डाची फळी असेल तर कडेला पाणी मुरलं की फुगते, पावसाळ्यात खिडकीपाशी ठेवू नका. लाईट गेली की टेबल आहे त्या उंचीला राहतं, त्यामुळे गुरुवारी (पुण्यात गुरुवार म्हणजे लाईट जायचा वार) मी सकाळीच बसायच्या उंचीवर आणून ठेवते. आणि घरात लहान मूल असेल तर बटणांचं लॉक आहे ते वापरा. माझा मुलगा तिसरीत आहे, तिसरं प्रीसेट (ठरवलेली उंची लक्षात ठेवणारं बटण) त्याच्या अभ्यासाचं करून दिलंय, तो आता वाकून लिहीत नाही ह्याचा मला माझ्या खांद्यांपेक्षा जास्त आनंद आहे.

डोळ्यांसाठी टेबल काही करत नाही. त्याला ते 20-20-20 च, दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद बघायचं. खिडकी मी बाजूला घेतलीये, समोर किंवा पाठीमागे नाही, समोरच्या सोसायटीतला गुलमोहर बरोबर तेवढ्या अंतरावर आहे.

आमच्या कामात वेळेचा प्रश्न वेगळाच. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे 9 म्हणजे आपले संध्याकाळचे 6:30, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की 7:30, म्हणजे पूर्ण हिवाळाभर जेवणाच्या वेळेलाच कॉल. त्यात दिवस कधी संपला तेच कळत नाही. म्हणून शेवटचा कॉल झाला की मी टेबल अगदी तळाला नेते, लॅपटॉप कपाटात, आणि त्या उंचीला मग सासूबाई खुर्ची ओढून भाजी निवडायला बसतात. टेबलावर भाजी आली की परत लॅपटॉप उघडला जात नाही, हे ह्या टेबलाचं मला सगळ्यात आवडलेलं काम आहे, आणि कुठल्याही जाहिरातीत ते लिहिलेलं नाही.

कोणी घ्यावं? उंची 5 फूट 3 इंचांच्या खाली किंवा 6 फुटांच्या वर असेल, घरात दोघं-तिघं एकच टेबल वापरणार असतील, तर घ्या. मधल्या उंचीचे असाल आणि मान-खांदे दुखत नसतील तर गरज नाही, दर अर्ध्या तासाने उठून पाणी प्यायला जा, बऱ्यापैकी काम भागतं. माझ्या मैत्रिणीला उभं राहायचंच नव्हतं, तिने घरातल्या जुन्या सागवानी टेबलाचे पाय सुताराकडून तिच्या मापाने कापून घेतले, ती खूश आहे.