काउंटरवर ठेवायची काशाची वाटी: कोणती घ्यावी, काय सांगून विकावी

पंचकर्म केंद्रात, कांस्यथाळीच्या मशीनवर पाय घासून देणाऱ्या दुकानात किंवा योगवर्गात फीच्या जोडीला चार पैसे मिळावेत म्हणून छोट्या वस्तू ठेवायच्या, तर पहिला मान काशाच्या वाटीचा. ती नासत नाही, मुदत संपत नाही, मापाची भानगड नाही. भेट म्हणून दिली तर घरात वापरली जाते. आजी रात्री तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासायची ही आठवण बहुतेक मराठी घरांत आहे, त्यामुळे वस्तू समजावून सांगावी लागत नाही. समजावून सांगायचं असतं ते वेगळंच, आणि तिथेच बरेच जण चुकतात. ते पुढे येईलच.

आधी वस्तू. कासं म्हणजे साधारण 78 टक्के तांबं आणि 22 टक्के कथील. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं. बाजारात पितळी वाटी कासं म्हणून सर्रास खपवली जाते. ओळखायची ती रंगाने आणि नादाने. पितळ सोन्यासारखं पिवळंधमक, कासं त्याहून फिकट, किंचित तांबूस-करडं. वाटी तीन बोटांच्या टोकांवर तोलून कडेला पेन्सिलने हलकी टिचकी मारा. काशाचा नाद लांबतो, पितळेचा लवकर विझतो. घाऊक माल घेताना एकच नग वाजवून समाधान मानू नका, खोक्यातले चार-पाच वाजवा. एखादा बद्द वाजला तर त्याला बारीक चीर गेलेली असते. बिलावर ‘कासे’ हा शब्द आणि वजन दोन्ही लिहून घ्या. लिहून द्यायला खळखळ करणाऱ्याकडून माल घेऊ नये.

दुसरी परीक्षा बुडाची. जेवणाच्या वाटीचं बूड सपाट असतं, ती पायाच्या कमानीत बसत नाही. घासायची वाटी गोल बुडाची, तळहातात मावणारी, 7-8 सेंटिमीटर व्यासाची हवी. वजन 100 ग्रॅमच्या आसपास किंवा थोडं जास्त चालेल. फार पातळ वाटी स्वस्त पडते, पण तिची कड बोटांना रुतते आणि पाच मिनिटांत हात दुखतो. नख कडेवरून पूर्ण फिरवून पाहा. कुठे अडलं तर तिथे खर राहिली आहे, ती टाचेच्या भेगेत खरचटवते. ओतीव वाट्यांच्या पोटात कधी टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. त्यांत तूप साचून वास धरतं, तो नग बाजूला काढा. चकचकीत दिसावी म्हणून काही वाट्यांवर पारदर्शक लेप दिलेला असतो. तो दोन-तीन वापरांत सोलतो आणि गिऱ्हाईक वाटी घेऊन परत येतं.

लाकडी मुठीची वाटी दिसायला देखणी, भेट म्हणून पटकन उचलली जाते. तिचा कमकुवत भाग म्हणजे सांधा. नुसत्या चिकटवलेल्या मुठीत तेल आणि पाणी शिरतं, लाकूड फुगतं, पावसाळ्यात मूठ हातात येते. घेताना मूठ पिळून पाहा, जराही फिरली तर नको. आमची शिफारस साध्या, बिनमुठीच्या वाटीची. किंमतही कमी, तक्रारही कमी.

काशाचा एक स्वभाव विक्रेत्याने जरूर सांगावा: ते ठिसूळ आहे. पितळ आपटलं तर पोचतं, कासं तडकतं. इतकं कथील असलेला धातू थंड असताना ठोकला तर फुटतो, म्हणून कारागीर तो लालबुंद तापवूनच घडवतात. आसामातलं सार्थेबारी आणि ओडिशातलं बालकाटी ही या कामाची नावाजलेली गावं. पुण्याची तांबट आळी मुख्यतः तांब्याच्या मठारकामाची, म्हणजे ठोके देऊन भांडी घडवण्याची. फरशीवर पडलेली वाटी बदलून मिळणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

आता काय सांगून विकायची ते. घासताना तळवा काळा पडतो आणि पुष्कळ ठिकाणी सांगतात, ‘बघा, अंगातली उष्णता निघाली’, ‘विषारी द्रव्यं बाहेर आली’. हे खरं नाही. तुपातली-तेलातली आम्लं आणि पायाचा घाम यांची तांब्याशी क्रिया होते, घासून धातूचे अतिसूक्ष्म कणही सुटतात, त्यांचा तो काळा-करडा लेप. तूप लावून तीच वाटी सुती फडक्याने जोरात घासा, फडकंही करडं होतं. फडक्यात कसली उष्णता? घासल्याने बरं वाटतं ते मालिशीमुळे: दाब, ऊब, स्निग्धपणा, आणि दहा मिनिटं एका जागी निवांत बसणं. तेवढं सांगितलं तरी वाटी विकली जाते. खोटं सांगून विकलेली वाटी तिसऱ्या दिवशी ‘आज काळं आलं नाही, काय झालं?’ असा फोन आणते, आणि त्याला उत्तर नसतं.

वाटीबरोबर छापील चिठ्ठी द्या, पाचच ओळींची. एका तळव्याला अर्धा चमचा तूप किंवा तेल. हलक्या दाबाने पाच ते दहा मिनिटं, टाचेकडून बोटांकडे आणि कमानीत गोल. झाल्यावर बेसन लावून कोमट पाण्याने धुणं, पाय कोरडे केल्याशिवाय उठायचं नाही, कारण तुपकट पायाने फरशीवर घसरून पडणं हाच यातला मोठा धोका. जखम, चिघळलेली भेग किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचं नाही. वाटी चिंचेने किंवा लिंबू-मिठाने उजळते, धुऊन लगेच पुसावी.

जोडीला काय ठेवावं? तूप नको. तुपाची छोटी बाटली जोडून संच करण्याचा मोह होतो, पण तूप हा खाद्यपदार्थ, त्याला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. त्याऐवजी कोकणातलं कोकमाचं तेल, म्हणजे भिरंडेल, फार चांगलं. घट्ट गोळा असतो, भेगांवर चोळायचा, वाटीशी छान जुळतो. साधारण 40 अंशांच्या आसपास ते वितळतं, त्यामुळे विदर्भात मे महिन्यात कागदी खोक्यात ठेवलं तर सगळा माल तेलकट होतो. तिकडे ते दिवाळी ते होळी एवढंच ठेवावं, किंवा झाकणाच्या डबीतलं घ्यावं. दिवाळीचं उटणं हमखास खपतं, पण भाऊबीज झाली की कुणी विचारत नाही, म्हणून नवरात्रात मोजकीच ऑर्डर द्या. सुटं उटणं आणून आपल्या नावाच्या पुडीत भरू नका. तसं केलं की तुम्ही पॅकर ठरता आणि निव्वळ वजन, एमआरपी, महिना-वर्ष, पत्ता, तक्रारीचा संपर्क या सगळ्याची जबाबदारी तुमची. परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक छापलेली तयार पाकिटंच घ्या.

तांब्याचा टंग क्लीनर स्वस्त आहे आणि खपतो, त्याबद्दल एवढंच की पातळ पत्र्याचा घेऊ नये, दोन आठवड्यांत वाकतो. जलनेतीचं, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचं, भांडं मात्र तांब्याचं ठेवूच नका. मिठाच्या पाण्याने तोटीच्या सांध्यात हिरवट थर जमतो, आणि तीच तोटी नाकात जायची. स्टीलचं किंवा चिनी मातीचं ठेवा. तेही जिथे नेती प्रत्यक्ष शिकवली जाते तिथेच: अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ. न उकळलेलं नळाचं पाणी वापरायचं नाही, हे भांड्यावरच चिकटवावं. जवस भरलेली डोळ्यांवरची उशी शवासनात सुखद वाटते, पण पावसाळ्यात जवसाला कीड लागते. खोळ काढता येणारी असेल तरच घ्या. काचबिंदू असलेल्यांना ती देऊ नका.

हिशेब उदाहरणाने पाहू. समजा वाटी 320 रुपयांना पडली आणि 450 ला विकली, तर 130 सुटतात. पिशवी, चिठ्ठी आणि वाहतुकीचे 20 गेले, राहिले 110. दहा वाट्यांत 3,200 अडकले आणि त्यातली एक तडकली, तर नऊ वाट्यांचे 990 मिळतात, त्यातून तिचे 320 वजा. म्हणून पहिल्या खेपेला दहाच घ्या. पाकिटावर एमआरपी छापलेली असेल तर त्याच्या वर एक रुपयाही घेता येत नाही.

वैद्य आणि फिजिओथेरपिस्ट यांनी जीएसटीची एक गोष्ट आपल्या सीएला जरूर विचारावी. उपचाराची सेवा करमुक्त असते, पण करपात्र वस्तू विकायला लागलात की नोंदणीची 20 लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त फीसुद्धा धरली जाते. वर्षाला 25 लाखांची फी असलेल्या दवाखान्याला दहा वाट्यांसाठी नोंदणीची वेळ येऊ शकते. लहान योगवर्गाला सहसा ही अडचण नाही. बिल मात्र फीचं वेगळं आणि वस्तूचं वेगळंच करा.

मांडणी काचेच्या कपाटात नको. एक वाटी जिथे पाय घासले जातात तिथेच, हाताशी ठेवा. पाच मिनिटं जिची सवय झाली तीच वाटी माणूस जाताना विचारतो, न विचारणाऱ्याला सुचवायची गरज नाही. उपचाराच्या टेबलावर झोपलेल्या माणसाला काहीही विकू नये, तो तिथे नाही म्हणू शकत नाही.

तडकलेली वाटी फेकू नका. भांड्यांच्या दुकानात काशाची मोड वजनावर घेतात. नव्या खेपेच्या वेळी घेऊन गेलात तर त्या बिलातून तेवढे पैसे वजा करून मिळतात.