पगारावर की दिवसाच्या मानधनावर? मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे फोटो काढताना

मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे फोटोचं काम दोन वाटांनी मिळतं. एक तर संस्थेत पगारावर लागायचं, नाहीतर प्रत्येक कामाचं मानधन ठरवून जायचं. मी दोन्ही केलंय आणि सध्या पगारावर आहे, म्हणजे माझा कल कुठे असणार ते उघडच आहे. कॅमेऱ्याचा प्रश्न इथे घेत नाही. ऊसतोड कामगाराच्या कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, दुपारीही उजेड बेताचाच असतो. तिथे ३५ मिमीची, छिद्र मोठं उघडणारी लेन्स दोन्ही वाटांवर लागतेच.

आधी पैशाचं उरकतो. मानधनाचा दिवसाचा आकडा पगाराच्या हिशेबापेक्षा मोठा दिसतो. पण त्यातून सहसा दहा टक्के टीडीएस कापला जातो, आणि क्षेत्रभेटीच्या एका दिवसामागे निवड, रंगदुरुस्ती व माहितीच्या ओळी यांत किमान एक दिवस घरी जातो. त्या दिवसाचे पैसे वेगळे मागितले नाहीत तर कुणी आपणहून देत नाही. शिवाय ‘देणगीदाराचा पुढचा हप्ता आला की बिल काढतो’ हे ऐकायची तयारी ठेवा. पगारही फार भरवशाचा समजू नका. बरीच पदं प्रकल्पाला बांधलेली असतात आणि प्रकल्प संपला की पदही संपतं. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेत मुलाखतीलाच विचारून घ्या, की हे पद प्रशासकीय खर्चात धरलंय की कार्यक्रमाच्या. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. त्याच्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. तेव्हापासून त्या रकान्यातल्या पदावर कात्री लवकर चालते.

मालकी हक्काबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. ‘मी नोकर नाही, म्हणजे फोटो माझे’ असं मानधनावर काम करणारे बरेच जण धरून चालतात. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. कलम १७ नुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तोवर पहिला मालक तो काढून घेणाराच. नोकरीत काढलेल्या फोटोंचंही तेच. म्हणजे लेखी करार नसेल तर या बाबतीत दोन्ही वाटा सारख्याच. फोटो आपलाच आहे हे सांगण्याचा आणि त्याची मोडतोड रोखण्याचा कलम ५७ चा हक्क दोन्हीकडे राहतो. करारात बदल करून घ्यायला मानधनवाल्याला थोडा जास्त वाव असतो, एवढंच.

माझ्यापुरता निकाल लागला तो संमतीपत्रांवर. बाहेरून पाहणाऱ्याला हा कारकुनी मामला वाटतो, पण काम इथेच बिघडतं. मानधनावर दोन दिवसांसाठी धडगावच्या किंवा मोखाड्याच्या पाड्यावर गेलात की स्थानिक कार्यकर्ता म्हणतो, ‘सगळ्यांची संमती घेतली आहे, सर.’ घेतलेली असतेही. पण कागदावर असतो अंगठा आणि नाव. कार्डात असतात सातशे फ्रेम. कुठला कागद कुठल्या चेहऱ्याचा, ते कुठेच लिहिलेलं नसतं. एका पाड्यावर एकाच नावाच्या तीन मुली निघतात. आई ऊसतोडीला गेलेली असते, म्हणून सही आजीची. आजीला पालक धरायचं का, हे कुणी विचारलेलंच नसतं. मग घरी येऊन चेहरे कापून कार्यकर्त्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि नेटवर्क आलं की उत्तर येईल म्हणून बसायचं. म्हणजे ज्या मुलांचं संरक्षण करायचं, त्यांचेच चेहरे नावानिशी फोनाफोनी फिरतात.

उपाय अवघड नाही. संमतीपत्राला क्रमांक द्यायचा, तो जाड स्केचपेनने पाटीवर लिहायचा आणि त्या मुलाची पहिली फ्रेम पाटीसह घ्यायची. पुढची पाटी येईपर्यंतच्या फ्रेम त्याच क्रमांकाच्या. एका चौकटीत दोन मुलं आली तर दोन्ही क्रमांक लागतात. संध्याकाळी, गाव सोडण्याआधी, फाइलच्या नावात तारीख, गाव आणि क्रमांक टाकायचा. मुलाचं नाव टाकायचं नाही. कॅमेऱ्यातलं आणि फोनमधलं जीपीएस बंद ठेवायचं. संमती तीन खणांत घ्यायची: संस्थेच्या आतला वापर, छापील अहवाल, समाजमाध्यमं. पालकांना मराठी कळत नसेल तर कोरकू किंवा पावरी अशी त्यांची आदिवासी बोली बोलणाऱ्या माणसाने मजकूर वाचून दाखवायचा, आणि त्याचीही सही घ्यायची. गणवेशावरचं बोधचिन्ह, मागच्या भिंतीवरचं शाळेचं नाव, अंगणातल्या मोटारसायकलचा नंबर, यातून मूल सापडतं. बालकल्याण समितीपुढे आलेल्या मुलाची ओळख उघड झाली, तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे सगळं मानधनावरही करता येतं, मी नाही म्हणत नाही. पण दोन दिवसांत चार पाडे उरकायचे असले की पाटी आधी सुटते. आणि दोन वर्षांनी एखादं घर म्हणालं, ‘आता पोरीचा फोटो नको,’ तर संस्था स्वतःकडचा काढते. तुमच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवरची मूळ फाइल तशीच राहते, कारण तुम्हाला कुणी कळवलेलंच नसतं. पगारावर असलात की नोंदवही एक, साठा एक, आणि तो निरोप तुमच्याच टेबलावर येतो.

दुसरा फायदा हंगामाचा. ऊसतोडीवर जाणाऱ्या मुलाचं वर्ष दोन ठिकाणी विभागलेलं असतं: दिवाळीच्या आगेमागे बीडमधलं गाव सुटतं, पुढचे महिने फडावर, मार्च-एप्रिलमध्ये परत. पगारी माणूस तेच मूल गावच्या शाळेत, फडावर आणि जमलं तर हंगामी वसतिगृहातही पाहू शकतो. कामापुरता आलेला फडावरची काळवंडलेली कोपी तेवढी पाहून जातो. कुपोषणाचंही तसंच. मुलाच्या दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल, तीव्र कुपोषणाचा रंग, हा फोटो कुणीही काढतो. तेच मूल काही आठवड्यांनी हिरव्यात आलेलं टिपायला परत जावं लागतं.

जुनी उदाहरणं पाहा. अमेरिकेत छायाचित्रकार लुईस हाइन १९०८ पासून बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी वर्षानुवर्षं फिरला. मुलाची उंची तो स्वतःच्या जाकिटाच्या कितव्या बटणापर्यंत येते यावरून मापायचा आणि वय, काम, पगार टिपून ठेवायचा. त्याचे फोटो पुरावा म्हणून उभे राहिले. उलट छायाचित्रकार डेव्हिड सिमूर १९४८ मध्ये युनिसेफसाठी काही महिन्यांत युरोपचे पाच देश फिरला. फळ्यावर ‘घर’ काढणाऱ्या पोलंडमधल्या वॉर्साच्या तेरेस्का या मुलीचा त्याने काढलेला फोटो अजून अंगावर येतो. पण ती छळछावणीत वाढली अशी ओळ खाली गेली. ती वॉर्सामध्येच बॉम्बहल्ल्यात जखमी झाली होती, हे कळायला कित्येक दशकं गेली. दोघांच्या नजरेत कमी-जास्त काही नव्हतं. सिमूरच्या हातात वेळ कमी होता.

पगाराची कटकट सांगायलाच हवी. देणगीदारांच्या भेटी, धनादेशाचे फोटो, कर्मचाऱ्यांचे ओळखपत्राचे फोटो, बालदिनाचं पोस्टर, ‘बोर्ड दिसेल असा एक घ्या ना’, यात महिन्याचे निम्मे दिवस जातात. रोज तेच पाडे पाहून नजर बोथट होते, आणि संस्थेचं काम जिथे फसलं तिथे कॅमेरा आपोआप खाली जातो. मानधनवाला हे सहज टाळतो. नाही म्हणायची मोकळीक त्याचीच जास्त. ज्यांचं स्वतःचं दीर्घ काम चालू आहे, किंवा घर एका पगाराशिवाय निभतं, त्यांना मानधनाची वाट कदाचित बरीही पडेल.

तीच धरायची असेल तर करारात एवढं घालून घ्या: दिवसाला जास्तीत जास्त दोन वस्त्या, संमती तुमच्यासमोर, संपादनाचे दिवस सशुल्क, आणि संमती मागे घेतली गेली तर संस्थेने सात दिवसांत कळवायचं, तुम्ही फाइल पुसून तसं लेखी द्यायचं. शेवटच्या कलमावर संस्था खळखळ करायला लागली, तर ते काम सोडलेलं बरं.