दूषित जागा: माती उपसायची की झाडं लावायची?

सोलापुरात जुन्या डाईंग युनिटलगतची किंवा बॅटऱ्यांचं भंगार फोडलेली जागा हाती आली की दोन सल्ले मिळतात. एक, वरची माती काढून टाका. दुसरा, झाडं लावा, ती मातीतलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम असे विषारी धातू सगळे शोषून घेतात. दुसरा स्वस्त आणि ऐकायला गोड, म्हणून आधी त्याचाच हिशेब करू.

एकरातली वरची वीतभर माती साधारण 1000 टन भरते. किलोमागे 1 मिलिग्रॅम कॅडमियम जास्त असेल, तर एकरात ते 1 किलो झालं. झाडांपासून वर्षाला 4 टन वाळलेला पाला-लाकूड निघाला आणि त्यात किलोमागे 10 मिलिग्रॅम कॅडमियम उतरलं असं धरा. निघाले 40 ग्रॅम. म्हणजे 25 वर्षं, तीही दरवर्षी तो सगळा माल उचलून बाहेर नेला तर. शिशाचं याहून अवघड. ते अशा जागी किलोमागे शेकडो मिलिग्रॅम सापडू शकतं, आणि चुनखडीच्या काळ्या मातीत इतकं घट्ट बसतं की मुळांच्या हाती फारसं लागतच नाही. युरोपात यासाठी विलो आणि पॉपलर लावतात, पण ती थंड, ओलसर हवेची झाडं. आपल्या एप्रिल-मेमध्ये ती धरायची नाहीत.

माती उपसणं काही आठवड्यांत उरकतं. मात्र वीतभर मातीच्या दहा टनी ट्रकने 100 फेऱ्या होतात, आणि वीतभरावर भागेलच असं नाही. काळ्या रानाला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, वरची माती त्यांत ढासळते, म्हणून खालच्या थराचेही नमुने घ्यावे लागतात. माती धोकादायक ठरली तर ती ओढ्याकाठी किंवा कुणाच्या बांधावर टाकणं हा सरळ गुन्हा आहे. रांजणगावसारख्या परवानाधारक प्रकल्पातच ती न्यावी लागते. खर्चाचा मोठा भाग तिथे जातो.

तरीही घर बांधायचं असेल, लहान मुलं वावरणार असतील आणि माती शिशाची असेल, तर माझं मत ठाम आहे: उपसा. रांगतं मूल धूळ हातावरून तोंडात नेतं, त्याला झाडं वाढेपर्यंत थांबायला सांगता येत नाही.

जागा पाच-दहा वर्षं पडीकच राहणार असेल तर झाडं उत्तम, पण धातू ओढण्यासाठी नाही, धरून ठेवण्यासाठी. कडुनिंब, करंज ही इथली काटक झाडं, खाली वाळा. वाळ्याची मुळं खोल जातात आणि बराचसा धातू मुळांतच राहतो. जमीन झाकली की धूळ उडत नाही आणि वळवाच्या पहिल्या सरीला माती ओढ्यात जात नाही. शेवगा, बोर, डाळिंब असं खायचं काही लावू नका. पाला शेळ्यांना नको, काटक्या चुलीत नकोत. कुंपण हवंच.

क्रोमियमची गोष्ट वेगळी. त्याचं सहासंयुजी, म्हणजे जास्त विषारी रूप आपल्या मातीत पाण्याबरोबर सरकतं आणि विहिरीपर्यंत पोचू शकतं. भरपूर शेणखत घातलं तर ते कमी विषारी, न सरकणाऱ्या रूपात जायला मदत होते, पण आधी विहीर-बोअरचं पाणी तपासा. ते दूषित निघालं तर झाडांच्या भरवशावर राहू नका.

मातीची तपासणी मागताना एक लक्षात ठेवा. मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त, तांबं, लोह असतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम नसतं. प्रयोगशाळेला ही नावं लिहून द्या आणि ठिकठिकाणचे नमुने वेगळे ठेवा. सगळे एकत्र कालवले तर बॅटऱ्या फोडलेला कोपरा हिशेबात लपतो. बऱ्याचदा तेवढाच कोपरा उपसून उरलेल्या जागेत झाडं लावणं परवडतं. लागवड जूनअखेरीस, पाऊस बसल्यावर करा, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे ठिबकची सोय ठेवा.