बागेतल्या गाडीसाठी ॲल्युमिनियमचे रूळ: 11 महिने वापरल्यावर

पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते आणि चौथ्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या, म्हणून थांबलो. आता एक आख्खा उन्हाळा आणि एक आख्खा पावसाळा माझ्या छोट्या मॉडेल रेल्वेचे रूळ बागेत उघड्यावर पडून आहेत, त्यामुळे जे लिहितोय ते बघून लिहितोय.

गेज (दोन रुळांमधलं अंतर) 45 मिलिमीटर, म्हणजे एलजीबी या जर्मन मॉडेल रेल्वे ब्रँडने 1968 पासून बागेतल्या गाड्यांसाठी धरलेला. गाडीच्या तयार सेटमध्ये येणारे रूळ पितळेचे आणि चांगले दणकट, कोड 332. हा कोड म्हणजे मजबुतीचा नंबर आहे असं मी बरेच दिवस समजत होतो, पण ती नुसती रुळाची उंची आहे, इंचाचे 332 हजारांश, साधारण 8.4 मिलिमीटर. कोड 250 म्हणजे 6.35. सगळ्या बागेला पुरेल इतकं पितळ घ्यायचं म्हटल्यावर हिशोब करूनच घाम फुटला, म्हणून मी ॲल्युमिनियमचे कोड 250 रूळ घेतले, दीड दीड मीटरचे, स्लीपरच्या (रुळांखालच्या आडव्या) प्लॅस्टिकच्या पट्ट्या वेगळ्या. 24 मीटरचा लूप झाला.

चूक अशी झाली की रुळातूनच करंट द्यायचा ठरवला. वाचलं होतं की ॲल्युमिनियममधून वीज पितळेपेक्षा चांगली वाहते, आणि ते खरंच आहे, लोकं इथेच फसतात, मी पण फसलो. धातू चांगला आहे हो, पण त्याच्यावर जो ऑक्साइडचा पातळ थर बसतो तो वीज जाऊच देत नाही. त्यात सोल्डर धरत नाही, म्हणजे पितळेला जसा सांध्यावरून वायरचा तुकडा पटकन डाग देऊन टाकता येतो तसं इथे करता येत नाही, भोक पाडा, स्क्रू मारा, वायर आवळा. आठवडाभर गाडी मस्त पळाली, मग लांबच्या टोकाला गेली की आचके द्यायला लागली. रोज अर्धा तास रूळ घासा आणि दहा मिनिटं गाडी चालवा असं सुरू झालं. घरचे म्हणाले तुझा छंद गाड्यांचा आहे की घासण्याचा.

शेवटी इंजिनाची चाकांवरून येणारी वायर काढून टाकली, मागच्या डब्यात बॅटरी आणि रिमोटचा रिसीव्हर बसवला. आणि तेच रूळ एकदम आवडायला लागले! आता त्यांचं काम फक्त चाकं धरून ठेवायचं. पाला झाडला की गाडी सुटली. त्यामुळे कोणता रूळ स्वस्त पडेल हे विचारायच्या आधी गाडीला करंट कुठून देणार ते ठरवा. बॅटरी असेल किंवा खरं वाफेचं इंजिन असेल तर ॲल्युमिनियम बिनधास्त घ्या. रुळातूनच द्यायचा असेल तर पितळ, बजेट असेल तर निकेल सिल्व्हर (नावातच सिल्व्हर आहे, आत चांदी शून्य). स्टेनलेस घासायला कमी लागतं म्हणतात पण कापताना आणि वाकवताना हात भरून येतात, मी एकच तुकडा कापून बघितला, पुरे.

आता उन्हाची गंमत. करंट नीट जावा म्हणून मी सगळे सांधे एकमेकांना घट्ट भिडवले होते. दीड मीटरचा ॲल्युमिनियमचा रूळ 30 अंशांनी तापला तर जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो, वाटतं काय होणारे एवढ्याने, पण असे 16 तुकडे लागोपाठ असले की 16-17 मिलिमीटर झाले आणि त्यांना जायला जागाच नाही. भर दुपारी बाहेर आलो तर मोठ्या वळणाचा रूळ खडी ढकलून चांगला दोन बोटं बाहेर सरकलेला आणि इंजिन कुंडीला टेकून आडवं, चाकं वरती गरगर फिरतायत. संध्याकाळी रूळ गार झाल्यावर सगळे सांधे उघडले आणि मध्ये दोन व्हिजिटिंग कार्डं धरून परत जुळवले. थंडीत बसवणार असाल तर फट अजून जास्त ठेवा. आणि रूळ खाली स्क्रूने जखडू नका, खडीत सैल राहू द्या. खडी पण टोकदार, फोडलेली हवी, मी आधी दिसायला छान म्हणून गोल गोटे टाकले होते, ते गोट्यांसारखेच घरंगळले.

पॉइंट्स (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे भाग) मात्र पितळेचेच घेतले, तिथे काटकसर नको, गाडी उतरते ती तिथेच. पण पितळेचा जॉइंटर (दोन रुळांची टोकं जोडणारा तुकडा) ॲल्युमिनियमला लावलात तर पावसाळ्यात बघा, मी काढला तेव्हा आतून पांढरी भुकटी सांडली आणि रुळाचं टोक नखाने खरवडलं जात होतं. आता तिथे प्लॅस्टिकचे जॉइंटर आहेत, दोन धातूंची गाठ नाही.

स्लीपर हा माझा खरा पश्चात्ताप. रुळात पैसे वाचले म्हणून पट्ट्या पण सगळ्यात स्वस्त घेतल्या, विकणारा म्हणाला बाहेर चालतात. सावलीतल्या चालल्या. उन्हाच्या बाजूच्या सातव्या महिन्यात पांढरट पडल्या आणि एक मी उचलायला गेलो तर खडूसारखी हातात मोडली. यूव्ही सहन करणाऱ्या असं स्पष्ट लिहिलेल्याच घ्या, मी आता निम्म्या बदलतोय, म्हणजे वाचलेलं गेलंच.

वळणाचं थोडक्यात: सेटमध्ये येतं ते 600 मिलिमीटर त्रिज्येचं, लांब डबे त्याच्यावर विचित्र दिसतात आणि बॅटरीचा जड डबा असला की इंजिन दमतं. मी 1.2 मीटरच्या खाली गेलो नाही. ॲल्युमिनियम हाताने वाकतं हा मोठा फायदा, पण पायाने पण वाकतं. नळाजवळ माझीच टाच पडलीय, तिथे गाडी अजून एक छोटासा ठेका घेते.

दिसायला म्हणाल तर पितळ काळं पडून छान खऱ्या रुळासारखं झालंय आणि ॲल्युमिनियम घासलेल्या भांड्यासारखं चमकतंय. बाजूंना तपकिरी रंग मारायला घेतलाय, चार तुकडे झाले, बारा बाकी.