हायुया: पोर्तो रिकोच्या डोंगरातलं कॉफीचं गाव, कधी जावं आणि कुठलं पाकीट उचलावं

कॅरिबियनची कॉफी म्हटलं की बहुतेकांना जमैकाची ब्लू माउंटन तेवढी ठाऊक असते. पोर्तो रिकोला जाणारेही राजधानी सान हुआनचा किल्ला आणि समुद्रकिनारा बघून परततात. बेटाच्या मधोमध, डोंगररांगेच्या उत्तर उतारावर हायुया नावाचं गाव आहे. बेटावरचं सगळ्यात उंच शिखर, सेरो दे पुंता, याच गावाच्या शिवेवर येतं. उंची १,३३८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनेकशे मीटरने कमी. पण रस्ते असे वळणावळणाचे की उंचीचा हिशेब पोटालाच कळतो.

निकाल आधीच सांगून टाकू. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळात, हाताशी गाडी आणि मुक्कामाला एक रात्र असेल तर हायुया जरूर करावं. मार्च ते जुलैमध्ये गेलात तर कॉफी चांगलीच मिळेल, पण यंत्रं झाकलेली, हौद कोरडे आणि झाडावर हिरवी फळं. तेवढ्यासाठी दोन तास घाट चढण्यापेक्षा सान हुआनच्या सांतुर्से भागातल्या एखाद्या चांगल्या कॉफीच्या दुकानात बसलेलं बरं.

जाण्याचं गणित

पोर्तो रिको हा अमेरिकेचा भाग. भारतातून जायचं तर अमेरिकेचा व्हिसा लागतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी मात्र हा देशांतर्गत प्रवास आहे. एच-वन-बीवाल्यांना परतताना शिक्क्याची काळजी नाही, फक्त ओळखपत्र नियमात बसणारं हवं.

सान हुआनहून २२ क्रमांकाचा टोलरस्ता पश्चिमेला धरायचा, बार्सेलोनेताजवळ उतरून १४० क्रमांकाच्या रस्त्याने फ्लोरिदा गावावरून दक्षिणेकडे चढायचं. दोन तास धरून चाला. दक्षिणेकडून, पोन्सेच्या बाजूने येणाऱ्यांनी १४९ ने बियाल्बावरून चढून १४४ ला लागावं. नकाशाचं ॲप काही मिनिटं वाचवायला एका गाडीपुरत्या रस्त्यात घालतं आणि समोरून केळ्यांनी भरलेला ट्रक येतो. त्यामुळे आकड्यांचे मोठे रस्ते सोडू नका. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, उतारावर खालचा गिअर टाकायचा. आपल्याला घाटात हे शिकवावं लागत नाही, पण तिथे भाड्याने मिळणाऱ्या गाड्या ऑटोमॅटिक असतात आणि खालच्या गिअरची ‘एल’ची खूण विसरली जाते. मग सतत ब्रेक दाबून पायथ्याला पोचेपर्यंत जळका वास सुटतो. गाडी लहानच घ्या.

एक गंमत आधीच माहीत असावी. रस्त्यावरचं अंतर किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मात्र मैलात, आणि पेट्रोल लिटरमध्ये. गावाबाहेरचे पत्तेही किलोमीटरच्या दगडावरून सांगतात: १४४ नंबरचा रस्ता, किलोमीटर अमुक. दगड वाचत जायचं. मोबाइलला डोंगरात रेंज धरवत नाही, नकाशा उतरवून ठेवा. जोराच्या पावसानंतर दरडी कोसळतात, तेव्हा आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून रस्ता विचारलेला बरा. टॅक्सीच्या भरवशावर तर जाऊच नका. वर पोचवणारा मिळाला तरी खाली आणणारा मिळत नाही.

मळ्यात काय बघायचं

गावापासून पूर्वेला कोआबेय भागात, १४४ च्या कडेला असिएंदा सान पेद्रो आहे. मळा, भाजणी, कॉफी प्यायची जागा आणि जुन्या यंत्रांचं छोटं संग्रहालय एकाच आवारात. सालिएंते भागात त्रेस पिकाचोस नावाने कॉफी पिकवणारा दुसरा मळा आहे. दोन्ही घरचे मळे आहेत. फेरी हवी असेल तर आधी फोन करून दिवस ठरवा. शनिवार-रविवारी गर्दी असते, तरी दाखवायला माणूस मोकळा असण्याची शक्यता तेव्हाच जास्त. आणि सकाळीच जा. दुपारनंतर ढग उतरतात, पाऊस येतो आणि बहुतेक ठिकाणं लवकर आवरतात.

झाडाजवळ गेल्यावर पहिली गोष्ट करायची ती पान उलटून बघायची. खालच्या बाजूला नारिंगी भुकटीसारखे ठिपके दिसले तर तो तांबेरा. हा रोग बेटावर १९८९ मध्ये आला. मग फळाचं नाक बघा. देठाच्या विरुद्ध टोकाला टाचणीने टोचल्यासारखं भोक असेल तर आत फळपोखर भुंगेरा आहे. तो २००७ मध्ये सापडला. हे दोन शत्रू दिसले की मळेवाले लिमानी आणि फ्रोंतोन या वाणांचं नाव का काढतात ते कळतं. दोन्ही वाण जवळच्या आदहुंतास गावातल्या विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातून आलेले, तांबेऱ्याला दाद न देणारे. भुंगेऱ्यावर मात्र वाणाचा इलाज नाही. तिथे झाडावर आणि जमिनीवर एकही सुकं फळ न ठेवणं हाच उपाय, आणि त्याला माणसं लागतात. तोडणीला माणूस मिळत नाही ही तिथली सगळ्यात मोठी रड आहे. पिकलेली फळं झाडावरच काळी पडलेली दिसली तर मळेवाला आळशी आहे असा समज करून घेऊ नका.

झाडं कोवळी दिसतील. सप्टेंबर २०१७ च्या मारिया वादळात बेटावरची सुमारे ८० टक्के कॉफीची झाडं गेली. नवं रोप फळाला यायला तीन-चार वर्षं लागतात. ती लागवड जरा सावरते तोच सप्टेंबर २०२२ मध्ये फियोना आलं. सावलीला ग्वाबा नावाचं शेंगांचं झाड, मधून केळी आणि संत्री. चिखलदऱ्याची कॉफी ज्यांनी बघितली आहे त्यांना सिल्व्हर ओक शोधायची सवय असते. इथे वरचं छत पसरट आणि दमट असतं.

तोडणीची मजुरी ‘आल्मुद’वर ठरते. एक आल्मुद म्हणजे साधारण २८ पौंड, पावणेतेरा किलो पिकलेली फळं. हिशेब करून बघा: साडेपाच किलो फळांतून एक किलो हिरवा दाणा निघतो, भाजताना त्याचं १५ ते १८ टक्के वजन उडतं. म्हणजे एका आल्मुदातून दोन किलोही भाजलेली कॉफी हाती येत नाही, १२ औंसांची साडेपाच-पावणेसहा पाकिटं. उतारावर कमरेला टोपली बांधून, पिकलेलं तेवढंच वेचून. हा आकडा डोक्यात ठेवला की पाकिटाच्या किमतीवर घासाघीस करावीशी वाटत नाही.

फळं आधी पाण्याच्या हौदात टाकतात. तरंगली ती पोकळ किंवा पोखरलेली, ती वेगळी. बुडाली ती साल काढायच्या यंत्रात. इथे यंत्र चालू असेल तर खाली पडणारे दाणे मुठीत घेऊन बघायला मिळतात का विचारा. यंत्रातली फट अरुंद असेल तर दाणे कापले जातात, सैल असेल तर सालीसकट निसटतात. कापलेला दाणा पुढच्या टप्प्यात आंबतो आणि कपात आंबूस चव देतो.

मग आंबवणं. दाण्यावरचा बुळबुळीत थर सुटायला हवेप्रमाणे १२ ते २४ तास. झालं हे घड्याळावर ठरत नाही. दाणे दोन तळव्यांत चोळले आणि वाळूसारखा करकरीत आवाज आला की झालं. हौदात काठी खुपसून काढली आणि भोक मिटलं नाही, हीही खूण. आंबोळीचं पीठ फुगलं की नाही ते जसं डोळ्यांनी कळतं, तसाच हा प्रकार. वेळ टळली की कुजका वास लागतो, आणि असा एक दाणा अख्खा कप बिघडवायला पुरतो.

वाळवण उन्हात फरशीच्या अंगणावर करायचं तर आठ-दहा दिवस, रोज अनेकदा फावड्याने परतत. हायुयाच्या दुपारच्या पावसात हे अवघड, म्हणून बरेच जण फिरत्या पिंपात गरम हवेने एक-दीड दिवसात वाळवतात. हवा फार तापली की दाणा बाहेरून कडक, आतून ओला राहतो. शेवटी ओल १० ते १२ टक्क्यांवर आणायची. तिथून कडक साल काढणं, निवडणं, भाजणं. भाजणी दाखवतात ती फेरीतली सगळ्यात दिमाखदार जागा. पण कॉफीची चव त्याआधीच, हौदाशी ठरलेली असते.

कप आणि पाकीट

हायुयाची कॉफी आंबट झाक कमी, अंगाला भरीव, चॉकलेट-भाजलेल्या शेंगदाण्यांकडे झुकणारी. इथिओपियाची फुलांसारखी कॉफी आवडणाऱ्यांना ती बोथट वाटेल. दुधातली कॉफी पिणाऱ्या आपल्या माणसांना मात्र लगेच जमते. बेटावर साखरेशिवाय काळी हवी असेल तर ‘पुया’ म्हणायचं, थोड्या दुधाची म्हणजे ‘कोर्तादितो’. काही न सांगता ‘काफे’ मागितलं तर साखर घालूनही येऊ शकते.

पाकीट घेताना पुढची चित्रं सोडून मागचं वाचा. बेटाच्या गरजेइतकी कॉफी बेटावर पिकत नाही, बरीच बाहेरून येते. ‘पोर्तो रिकोत भाजली आणि भरली’ याचा अर्थ तिथे पिकली असा होत नाही. १०० टक्के पोर्तो रिकोची, असं लिहिलेलं हवं. शिवाय भाजल्याची तारीख हवी. नुसती ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ असेल तर सोडा. ‘एन ग्रानो’ म्हणजे अख्खे दाणे, ‘मोलीदो’ म्हणजे दळलेली. दळलेली बारीक असते, कापडी गाळणीसाठी. ती आपल्या पितळी फिल्टरमध्ये घातली तर भोकं तुंबतात आणि रात्रभरात चमचाभर अर्क उतरतो. फिल्टरवाल्यांनी दाणेच घ्यावेत आणि जरा जाडसर दळावेत. चिकोरी नसल्याने अर्क पातळ दिसेल, त्याला इलाज नाही, दूध कमी घाला.

कापडी गाळणी, ‘कोलादोर’, स्वस्तात मिळते आणि घ्यावीच. नवं कापड आधी पाण्यात उकळून घ्या, नाहीतर पहिल्या चार कपांना मांजरपाटाचा वास येतो. साबण कधीच नाही. पाणी उकळलं की आच बंद, दोन कपांना चार मोठे चमचे पूड, ढवळून तीन-चार मिनिटं झाकायचं आणि गाळायचं. पूड घालून पुन्हा खळाखळा उकळली की कडू होते. चहाची सवय इथे आडवी येते.

पोटापाण्याचं

शाकाहारींनी सावध राहावं. तिथला मानाचा पदार्थ म्हणजे ‘आरोस कोन गांदुलेस’, अक्षरशः तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात. जवळचं बियाल्बा तर तुरीसाठीच ओळखलं जातं. नाव ऐकून जीव हरखतो, पण भातात बहुधा डुकराचं मांस असतं. राजम्यासारख्या घेवड्यातही हॅमचे तुकडे पडतात, आणि कच्च्या केळ्यांचा ‘मोफोंगो’ डुकराच्या कुरकुरीत चरबीबरोबर कुटतात. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हणून भागत नाही. हॅमला कित्येक जण मांस धरत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन हामोन’ असं दोन्ही म्हणा. बिनघोर खाण्यासारखं: कच्च्या केळ्यांचे चेपून तळलेले ‘तोस्तोनेस’, पिकलेल्या केळ्यांचे ‘आमारियोस’, ताजं पांढरं चीज. पण तळणीचं तेल कशाचं ते विचारून.

राहायला जागा मोजक्या. नोव्हेंबरात तिथे तैनो या मूळ रहिवाशांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय उत्सव भरतो, तेव्हा खोली मिळणं कठीण. गावाचं नावही हायुया या तैनो नायकावरून आलेलं. खोली नसेल तर पोन्सेत राहून सकाळी चढावं, तासाभराचा रस्ता. हिवाळ्यात रात्री हवा पंधरा-सोळा अंशांवर येते, स्वेटर असू द्या. वीज जाते, मुक्कामाच्या जागी जनरेटर आणि पाण्याची टाकी आहे का, हे आधीच विचारा.

मळ्यानंतर अर्धा दिवस उरतो. १४४ वरच पिएद्रा एस्क्रिता, नदीतल्या प्रचंड शिळेवर कोरलेली पन्नासेक तैनो चित्रं, लाकडी पायवाटेने खाली उतरून बघता येतात. खालचा डोह मोहात पाडतो, पण वरच्या डोंगरावर काळं आभाळ असेल तर पाण्यात उतरू नका. लोंढा अचानक येतो आणि आवाज ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. सेमी या तैनो मूर्तीच्या आकाराचं संग्रहालय थोडं पुढे. इमारत बाहेरून मजेशीर, आत पंधरा मिनिटांचं काम. शेजारचं कानालेस कुटुंबाचं घर मात्र चुकवू नका. ३० ऑक्टोबर १९५० ला ब्लांका कानालेस यांनी हायुयात पोर्तो रिकोचा झेंडा फडकवून प्रजासत्ताक जाहीर केलं. तेव्हा तो झेंडा लावणंच गुन्हा होतं. अमेरिकेच्या विमानांनी गावावर बाँब टाकले.

परतताना सान हुआनच्या विमानतळावर सामान आधी कृषी खात्याच्या तपासणीतून जातं. भाजलेली पाकिटबंद कॉफी खुशाल न्या. मळ्यातून खिशात टाकलेली लाल फळं आणि झाडाची फांदी तिथेच काढून घेतात. पाकिटं हातातल्या बॅगेत ठेवा, आणि पाकिटावरच्या वायू सोडणाऱ्या झडपेवर दाब येऊ देऊ नका. ताज्या भाजणीतून वायू सुटत असतो आणि झडप बंद पडली तर पिशवी फुगून शिवणीला उसवते.