मुलुंड की डोंबिवली: घर घेण्यापूर्वीचा तुलनात्मक आढावा

मध्य रेल्वेच्या मार्गावर घर शोधणाऱ्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाची चर्चा पुष्कळदा मुलुंड आणि डोंबिवली या दोन नावांपाशी येते. मुलुंड हे मुंबई महापालिकेच्या हद्दीतील या मार्गावरचे शेवटचे स्थानक आहे, तर डोंबिवली ठाण्याच्या पलीकडे, कल्याण-डोंबिवली महापालिकेत मोडते. तेवढ्याच पैशांत डोंबिवलीला बरेच मोठे घर मिळते. मात्र वाचलेल्या रकमेच्या बदल्यात काय द्यावे लागते, याचा हिशेब आधीच मांडायला हवा.

पहिला हिशेब प्रवासाचा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मुलुंड साधारण ३१ किलोमीटरवर आणि डोंबिवली साधारण ४८ किलोमीटरवर आहे. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल आहेत, तरीही कल्याण, कर्जत व कसाऱ्याकडून येणाऱ्या जलद गाड्या सकाळी आधीच भरलेल्या असतात आणि त्यांत चढणे हीच रोजची परीक्षा ठरते. मुलुंडकरांना रेल्वेखेरीज पूर्व द्रुतगती महामार्ग व ऐरोली पूल हे पर्यायही उपलब्ध आहेत. डोंबिवलीला २०२४ मध्ये खुल्या झालेल्या माणकोली-मोठागाव पुलामुळे ठाण्याकडे जाण्याची चांगली सोय झाली आहे, पण मुंबईत नोकरी असणाऱ्याची भिस्त अजून लोकलवरच आहे.

वस्ती आणि सुविधांच्या बाबतीत डोंबिवली कुठेही उणी नाही. चाकरमानी मराठी कुटुंबांनी घडवलेल्या या शहरातून गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा सुरू झाली, आणि सावित्रीबाई फुले नाट्यगृहामुळे नाटकासाठी दूर जावे लागत नाही. मुलुंडच्या पश्चिमेला गुजराती-कच्छी आणि पूर्वेला मराठी वस्ती ठळक आहे; कालिदास नाट्यगृह, वझे महाविद्यालय, मोठी रुग्णालये आणि पश्चिमेला लागून असलेले राष्ट्रीय उद्यान या तेथील जमेच्या बाजू होत. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, ही लहान घर घेणाऱ्यासाठी मोलाची गोष्ट आहे.

मालमत्तेच्या बाजारात मात्र डोंबिवलीत अधिक सावध राहावे लागते. बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराची (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला आणि आयुष्याची पुंजी घातलेली कुटुंबे अडचणीत आली. म्हणून केवळ महारेरा क्रमांकावर विसंबू नये. बांधकाम परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागातून पडताळावी, सातबारा वकिलाकडून तपासून घ्यावा आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (इमारत राहण्यायोग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याशिवाय) ताबा घेऊ नये. एमआयडीसीतील रासायनिक कारखान्यांपासून इमारत किती लांब आहे, हेही पाहावे. मे २०२४ मधील स्फोटाने आसपासच्या इमारतींच्या काचा फोडल्या होत्या.

मुलुंडमध्ये जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे. तेथे प्रश्न वाढत्या देखभाल खर्चाचा आणि रखडणाऱ्या प्रकल्पांचा असतो.

घरातील दोघांनाही रोज दक्षिण मुंबई गाठायची असेल, तर खोली एक कमी घेऊन मुलुंडच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरी ठाणे-कल्याण पट्ट्यात असेल किंवा बरेचसे काम घरून होत असेल, तर डोंबिवली पूर्वेत स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या व अभिहस्तांतरण (जमीन व इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणे) पूर्ण झालेल्या सोसायटीतले घर अधिक शहाणपणाचे ठरेल.