जवळून की लांबून?

माणसाचा फोटो जवळ जाऊन काढावा की मागे सरून, या पेचात एक मैत्रीण अडकली आहे.

भावना पोचवायला जवळची चौकट वरचढ. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात तंबूत राहणाऱ्या एका स्थलांतरित आईचे फोटो काढताना जवळ जवळ सरकत गेल्या. त्यातल्या गाजलेल्या फोटोत तंबू जवळपास नाहीसा होतो, उरते ती चेहऱ्यावरची काळजी. त्यावरून माझी नजर आजही हलत नाही. पण ते कुटुंब कशा हालात राहत होतं, हे लांबची चौकटच सांगते.

चेहऱ्याची ठेवण? अर्ध्या मीटरवरून नाक मोठं दिसतं, दोन मीटरवरून प्रमाणात. हा फरक अंतराचा, लेन्सचा नव्हे.

ओळख आणि संमती असेल, मन दाखवायचं असेल, तर जवळ जा. परिस्थिती दाखवायची असेल तर मागे सरा.